मुक्या साळुंक्यांचा वड

एका राज्यात एक जुना वड होता आणि त्यावर बोलक्या साळुंक्या राहत. कुणाला नवे औषध सापडो की मडके भाजायची नवी रीत, तो ते साळुंकीच्या कानी घाली. मग ज्याला गरज त्याने विचारावे. साळुंकी आधी शोधणाऱ्याचे नाव सांगे, मग युक्ती.

पुढे एक मांत्रिक आला. त्याने सारे बोल झोळीत भरले, नावे तेवढी गाळली आणि परमुलखात स्वतःचे म्हणून मिरवले. येसू सुईण चिडून राजाकडे गेली.

"महाराज, माझ्या आईची, गोदी सुईणीची विद्या चोरली. वडाला तट घाला."

राजाने एकाबाहेर एक असे तीन तट घातले. मांत्रिक केव्हाच पसार झाला होता. दारे बंद झाली ती घरच्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! साळुंक्या मुक्या झाल्या, आणि त्यांनी सांगायचे थांबवले ते माणसांच्याही डोक्यातून जाऊ लागले. शाप म्हणतात तो हाच.

सात वर्षे गेली. येसूची लेक सगुणा बाळंतपणात अडली. मूल आडवे, तिसरा दिवस. आईची युक्ती येसूला काही केल्या आठवेना. थकल्या पायांनी ती तटाकडे निघाली.

पहिल्या दारी नाव विचारले, तिने सांगितले. दुसऱ्या दारी पुरावा मागितला. ती पहारेकऱ्याला म्हणाली, "याच हातांनी तुला जगात आणलं." तिसऱ्या दारी शपथ मागितली, की ऐकलेले बाहेर कुणाला सांगणार नाही. तिने तीही घेतली.

म्हाताऱ्या साळुंकीकडे एकच वाक्य उरले होते. "एकटीला सांगायची आमची चाल नाही."

येसू राजापुढे बसली. उभे राहायचे त्राण नव्हते.

"महाराज, तट पाडा. चूक माझी होती."

"मांत्रिक परत येईल."

"येऊ दे. माझी लेक मरतेय."

राजाही राखणीला कंटाळला होता. त्याने स्वतः पहार उचलली. तीन घावांत तीन तट कोसळले आणि साळुंकी सर्वांदेखत बोलली, "गोदी सुईण सांगते: पोटाला कोमट तेल लाव, कळ ओसरली की मूल हळू वळव."

सगुणा सुटली. मुलगी झाली.

आठवड्याने मांत्रिक झोळी घेऊन आलाच. शिपायांनी त्याला धरून येसूपुढे उभा केला. तिला त्याचा अजून राग होता. तिने त्याच्याकडून आईचे नाव तीनदा वदवून घेतले, विसरलास तर वाचा जाईल असे बजावले, आणि शिपायांना म्हणाली, "सोडा त्याला. नेऊ दे. तिकडेही बायका अडतातच."