काळ्या लोकरीचा दोर

एका राज्यात एक भला थोरला माळ होता, आणि त्या माळावर धुळा नावाचा धनगर आपली बायको ठकू आणि शंभर मेंढरं घेऊन राहत होता. माळाला उतार तीन. दोन उतारांवर मेंढरं चरायची, तिसऱ्याला वर्षभर विसावा. विसाव्याच्या उताराच्या तोंडाशी धुळा काळ्या लोकरीचा दोर ताणायचा. गवताचं बी झडेपर्यंत राजाचा घोडासुद्धा तो दोर ओलांडत नसे.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. पण माणसाला सुख बोचतं ना! राजाने दवंडी पिटली, ज्याचा कळप मोठा त्याला दरबारात चांदीचा पाट. धुळ्याचं मन त्या पाटावर जाऊन बसलं. त्याच आठवड्यात माळावर एक मांत्रिक आला आणि धुळ्याच्या हातात सोन्याची घंटा देऊन म्हणाला, "एकदा वाजव, कळप दुप्पट होईल."

धुळ्याने ती तीनदा वाजवली. आठशे मेंढरं झाली, चांदीचा पाटही धुळ्याच्या घरी आला. आठ दिवसांत दोन्ही उतार खरवडून निघाले, आणि धुळा दोर सोडायला निघाला.

ठकू आडवी आली. "धनी, दोर सोडू नका. बी अजून हिरवं आहे. गवतात माळढोक पक्ष्याचं अंडं आहे."

"एकच दिवस, ठकू."

एकच दिवस म्हणे! दोर सुटला. ठकू धावत कळपापुढे गेली, हात पसरून उभी राहिली. मेंढरं तिला वळसा घालून आत घुसली, अंडं खुरांखाली फुटलं, आणि सगळा कळप जागच्या जागी दगड झाला. हात पसरलेली ठकूही दगड झाली. मागे राहिलेली एक लंगडी मेंढी तेवढी वाचली.

फुटलेल्या अंड्यापाशी माळढोक येऊन उतरला, तसा धुळा त्याच्या पाया पडला. "मला दगड कर, पण तिला उठव."

माळढोक म्हणाला, "तू दगड होऊन काय उपयोग? कामं तीन आहेत. घंटा बारवेत बुडव. दगडी मेंढरं उतारावर आडव्या ओळींनी लाव, पाणी अडेल. मग दोर बांध, आणि गवत आपणहून बी झाडेपर्यंत सोडू नकोस. त्या दिवशी ठकू उठेल, आणि गवत पुरेल तेवढीच मेंढरं उठतील."

"किती दिवस लागतील?"

"ते गवताला विचार."

पहिलं काम सोपं. तरी मेला दुपारभर बारवेच्या पायरीवर घंटा कुरवाळत बसला, मग कुठे हातातून सुटली. दुसऱ्या कामाला राजाचा चांदीचा पाट उपयोगी पडला. त्याच्यावर एकेक दगड ठेवून धुळ्याने तो उतारभर ओढला. पाट झिजून पत्रा झाला.

तिसऱ्या कामाने मात्र त्याचा जीव काढला. लंगडीच्या लोकरीचा दोर वळून त्याने बांधला. गवत कोवळं उगवायचं आणि बी धरण्याआधीच उन्हाने करपायचं. लंगडी दोराशी उभी राहून ओरडायची. धुळा तिला बाभळीच्या शेंगा झोडून घालायचा, हात काट्यांनी रक्ताळायचे. सातव्या वर्षी ती दोराशेजारीच मेली, गवत तिच्या तोंडापासून दोन हातांवर होतं. धुळा तिच्यापाशी बसून ओक्साबोक्शी रडला. दोर सोडला नाही.

विसाव्या वर्षी गवत कमरेला लागलं आणि बी झडलं. दगडांतून शंभर मेंढरं अंग झाडत उठली. बाकीची पाणी अडवत तिथंच राहिली. राजाने फर्मान काढलं, लोकरीचा दोर दिसला की माझी स्वारीही थांबेल. माळ पुन्हा माळ झाला. धुळ्याची वीस वर्षं तेवढी कोणी परत दिली नाहीत.

मग ठकूने डोळे उघडले. ती होती तशीच होती, काळ्याभोर केसांची. समोर पांढऱ्या दाढीचा म्हातारा हातात दोर धरून उभा.

ती कळवळून म्हणाली, "बाबा, माझे धनी दिसले तर त्यांना अडवा. दोर सोडायला निघालेत."

धुळ्याला मान वर करवेना.

"आता नाही सोडणार, ठकू."

आपलं नाव ऐकून ती थबकली, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.