सवतींचा आड

हाच तो आड. एवढासाच आहे. मोठी विहीर बघायला मिळेल अशा आशेने आलेले सगळे आधी हिरमुसतात. जरा वाकून बघा, वाळूत तांबड्या मातीचं एक कडं रुतलेलं दिसेल. ते माठाचं तोंड आहे. हे इलुओसा शहर, त्याचं बंदर, पूल, तिकडे हॉर्न वाजवत अडकलेल्या बसगाड्या, सगळं या माठाभोवती वसलं. तहान लागली असेल तर पाणी देते, पण थांबावं लागेल. इथे एकट्या बाईने पाणी काढायचं नाही. दुसरी आली की काढू. तोवर बसा सावलीत.

अलामू नावाचा एक सरदार होता, म्हणे. नदीच्या वरच्या अंगाला, रानातल्या मुलखात त्याच्या बापाची गादी होती. ती भावाने बळकावली आणि अलामू आपली माणसं होड्यांत घालून नदीने खाली निघाला. त्याच्या दोन बायका. थोरली अबेके, ती आमच्या घराण्याची मूळ आई. धाकटी अयोका. तिच्या वंशातले लोक त्या निळ्या फाटकापलीकडे राहतात. त्यांनी बोलावलं तर जरूर जा, पण गोष्ट माझीच खरी धरा.

निघताना शकुन सांगणाऱ्या पुजाऱ्याने नदीचं पाणी एका मोठ्या माठात भरून दिलं. जिथे वाळू हे पाणी परत देईल तिथे घर बांधा, असं तो म्हणाला, म्हणे. माठ वाहायचा मान थोरलीचा. वाटेत एकदा अयोका सावरायला पुढे झाली तर अबेकेने तिचा हात झिडकारला. धाकटी तरुण होती, हसरी होती, आणि अलामूचे डोळे सारखे तिच्यामागे असत. ते थोरलीला फार सलायचं. तिच्याजवळ तिचं म्हणावं असं उरलं होतं ते त्या माठापुरतंच.

होड्या इथे लागल्या, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या या वाळूच्या दांड्यावर. शत्रू इथवर येणार नव्हता, मासळी मुबलक होती, पण प्यायला थेंब नाही. अबेकेने सगळ्यांसमोर जागा निवडली आणि माठ ओतला. वाळूने पाणी पिऊन टाकलं. खणलं तर खालून खारं पाणी वर आलं. ती मान खाली घालून बाजूला झाली.

अयोका तेव्हा पलीकडच्या खोलगट जागी लव्हाळ्याचं मूळ उपटून चघळत होती. ते खारट लागेना. तिने वाळक्या भोपळ्याच्या तुंबडीने तिथली वाळू उकरली, तर गोडं पाणी लागलं. लोक नाचले. अलामूने तिला गावाची आई म्हटलं. गाव अजून झालंही नव्हतं, पण आई ठरली.

थोरलीच्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. का होऊ नये? सगळी वाट माठ वाहिला कुणी? तेव्हापासून भर दुपारी पुरुष लाकूड तोडायला गेले की ती त्याच माठात खाडीचं पाणी भरायची आणि गुपचूप आडात ओतायची. बघता बघता आडाचं पाणी तोंडात धरवेना. पोरं आजारी पडू लागली. लोकांनी बोट दाखवलं ते अयोकेकडे. हिने फसवं पाणी दाखवलं, हिचा पायगुणच वाईट. अलामूने होड्या पुन्हा पाण्यात लोटायला लावल्या आणि धाकटीला एकटीला इथेच सोडायचं ठरवलं. हो, त्यानेच ठरवलं. आमच्या घरात त्याचं नाव फारसं आदराने घेत नाहीत.

अबेके पहिल्या होडीत नवऱ्याशेजारी बसली, रिकामा माठ मांडीवर घेऊन. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. होडी सुटल्यावर तिने मागे बघितलं. अयोका रडत नव्हती. ती आडात उतरून तुंबडीने खारं पाणी उपसत होती. कडेची वाळू आत ढासळत होती आणि ती पुन्हा उपसत होती.

अबेकेला दया आली, असं निळ्या फाटकातले लोक सांगतात. आमच्याकडे आई मुलीला सांगते ते वेगळं आहे. अबेकेच्या मनात आलं, ही एकटीच आड साफ करील, मग इथे गाव वसेल, आणि ते हिच्या एकटीच्या नावाने. ते तिला सहन होईना. तिने कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली आणि माठ डोक्यावर घेऊन चालत परत आली.

"सरक," ती म्हणाली. "पाणी मी नासवलंय."

"ठाऊक आहे, इयाले," अयोका म्हणाली. इयाले म्हणजे घरातली थोरली. "माठाच्या काठाला मीठ दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"थोरलीविरुद्ध धाकटीचं कोण ऐकतं?"

अयोकेसाठी मागे टाकलेल्या सामानातलं मुसळ अबेकेने उचललं आणि वरच्या मुलखातून आणलेल्या त्या माठाचं बूड फोडलं. मग तो बिनबुडाचा माठ आडात उभा केला, म्हणजे वाळू ढासळायची थांबेल. एकीने तो दाबून धरायचा, दुसरीने आतून उपसायचं. एकटीच्या हाताने ते काम होणारं नव्हतं.

अलामूने होडीतून बघितलं. एका चुलीपाशी कधी न बसलेल्या दोन बायका एका खड्ड्यावर वाकलेल्या. तो होड्या वळवून आला, म्हणे. कुणी काही विचारायच्या आत अबेकेने सगळ्यांसमोर आपली करणी सांगून टाकली. तोवर खारं पाणी संपलं होतं आणि माठ खालून हळूहळू भरत होता. वाळूने पाणी परत दिलं ते असं.

लोक पुन्हा अयोकेभोवती नाचायला निघाले, तेव्हा थोरलीने हात आडवा धरला. "हिने काढलं तर पाणी हिचं म्हणाल, मी काढलं तर माझं म्हणाल. आजपासून इथलं पाणी कुणीच एकटीने काढायचं नाही." अयोकेने माठावर हात ठेवून शपथ घेतली. मग अबेकेनेही घेतली.

पुढे त्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या असं पोरांना शिकवतात. काही झाल्या नाहीत. मरेपर्यंत रोज मिळून पाणी काढलं, आणि एकीने दुसरीच्या तोंडाकडे कधी धड बघितलं नाही.

आता घरोघर नळ आहेत. तरी आजही नवा राजा गादीवर बसतो तेव्हा दोन्ही घराण्यांतल्या दोन बायका त्याला इथलं पाणी काढून पाजतात. आजही एकटी आलेली बाई पोहरा आत सोडत नाही, दुसरीची वाट बघते.

ती बघा, निळं फाटक उघडलं. सिकिरा आली. बाजारात तिचं कापडाचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे, माझी गिऱ्हाइकं ओढते, आणि आमचं बोलणं कधीचं बंद आहे. मध्यंतरी ती तापाने अंथरुणाला खिळली होती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, चल, आम्ही दोर धरतो. मी एकीलाही धरू दिला नाही. रिकामी कळशी घेऊन इथे बसायचे आणि घरी जाऊन नळाचं पाणी प्यायचे. तिच्या जागी दुसरी कुणी उभी राहिलेली मला सहन होत नाही.

सरका जरा. तिला दोर धरू द्या.