राणीचा लाल तळहात

एकदा काय झालं, सोनकळा राणीची नजर मंदावली. वैद्यबुवा म्हणाले, "दिवाळीपर्यंत दिसेल. पुढे अंधार."

राणी काही रडली नाही. म्हणाली, "मग मला लाल डोंगर बघायचाय. लहानपणी त्याच्या गेरूनं भिंती सारवल्या, डोंगर मात्र कधी पाहिला नाही."

हो, सारवायची ती! माहेर झोपडीतलं होतं तिचं. नाकं मुरडू नका.

मग राजानं हुकूम सोडला, राणीसाहेब येतायत, डोंगर स्वच्छ करा! आता तिथली रीत अशी, बरं का, की गेरू न्यायचा तर आधी ओल्या गेरूचा हात कड्यावर उमटवायचा, मगच मूठभर माती उचलायची. आज्या-पणज्यांचे हजारो हात होते त्या कड्यावर. शिपायांनी ते घासूनपुसून काढले. पदरी माणसं शंभर, अक्कल एकाला नाही!

पालखी पोचली. राणीनं पडदा सारला. बघते तर काय, डोंगर राखेसारखा करडा! रुसला होता.

राजानं सोन्यानं भरलेली परात वाहिली. डोंगर करडाच. मग चौघडा झडला. तरी करडाच.

कड्याखाली गेरू खणणारी भागूबाई बसली होती. ती कडाडली, "वाजवा, वाजवा! आमच्या आयांचे हात पुसलेत, आणि वर वाजंत्री?"

राजाची मान खाली गेली. राणी मात्र उतरली, अनवाणी. म्हणाली, "मावशी, माती भिजवा." मग तिनं त्या करड्या चिखलात हात बुडवला नि कड्यावर टेकवला. "डोंगरबाबा, चुकलं आमचं."

आणि काय सांगू! तिच्या हाताखालून लाली फुटली. सरसर वर चढली. कडा पेटला, सुळके पेटले, कुठे शेंदरी, कुठे डाळिंबी, घळींमध्ये जांभळट. पुसलेले हजारो हात एकेक करून उमलले. "अगं बाई!" राणीच्या तोंडून तेवढंच निघालं. राजानं मुकुट काढला, कुणी न सांगता. राणी बघत राहिली, पार दिवस बुडेपर्यंत.

दिवाळीला तिचे डोळे गेलेच. मी खोटं सांगायची नाही. पण तळहाताचा लाल रंग काही निघाला नाही. तो डोळ्यांवर ठेवला की अख्खा डोंगर समोर उभा! राजाच्या डोळ्यांवरही ठेवायची, पोराबाळांच्याही. सगळी सुखात राहिली.

चला, हात डोळ्यांवर ठेवा. दिसतंय ना लाल लाल? मग आता झोपेतच चढा डोंगर, गुपचूप. मधे बोलेल त्याला खाली ढकलीन.