वाट भिजवणे नाकारणारी राजकन्या

चारुशीलेच्या इवल्या तळपायांना फोड आले होते. नदी दूर, वाळू तापलेली, आणि डोईवरची घागर पावलागणिक हिंदकळणारी. मोरपंखी डोंगरांच्या कुशीतल्या त्या गावात तिच्याइतकी गरीब मुलगी दुसरी नव्हती. तिच्याइतकी ताठ मानेने चालणारीही नव्हती.

"अगं पोरी," मागून म्हाळसाआजी खुदकन हसली, "निम्मी घागर वाटेलाच पाजलीस की! राजवाड्याची सवय सुटत नाही वाटतं?"

चारुशीलाही हसली. टोमणा खराच होता. वर्षापूर्वी ती या राज्याची राजकन्या होती. तिची पालखी निघाली की धूळ उडू नये म्हणून राजोद्यानातल्या झऱ्याच्या शंभर घागरी वाटेवर शिंपडण्याची रीत होती; त्या दिवशी गावाला झऱ्याचे पाणी मिळत नसे. एकदा ऐन उन्हाळ्यात तिने पालखीचा पडदा सारला, तर एक म्हातारी तीच ओली माती सुकल्या ओठांना लावत होती. ती ही म्हाळसाआजी. चारुशीला तिथेच उतरली. मुकुट पालखीत ठेवून म्हणाली, "मी राजकन्याच नसले, तर वाट भिजवायला नको."

महाराज संतापले. त्यांनी उद्यानाला कुलूप घातले. "ती राजकन्या होऊन परतेल, तेव्हाच झरा उघडेल!"

तेव्हापासून चारुशीला आजीच्या झोपडीत राहत होती, आणि सारे गाव नदीची वाट तुडवत होते.

त्या दिवशी उद्यानाच्या भिंतीशी केतकीच्या सावलीत ती टेकली. समोर एक चिमुकले निळे फुलपाखरू धुळीत निपचित पडले होते. तिने बोटाच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन त्याच्यापुढे धरला. थेंब सरला मात्र, निळे, जांभळे, सोनसळी तेज झळाळले आणि दवबिंदूंचा शेला ल्यालेली परी उभी राहिली.

"एक वर माग, बाळ. पण नियम ऐक. स्वतःसाठी मागितलास, तर आत्ता पुन्हा राजकन्या होशील. इतरांसाठी मागितलास, तर मुकुट कायमचा दुरावेल."

"आणि माझे बाबा?"

"ते तुला जवळ घेतील की नाही, हे माझ्या हाती नाही," परी हळुवारपणे म्हणाली.

चारुशीलेचे डोळे भरले. वर्षभर तिने बाबांचा आवाज ऐकला नव्हता. तरी मान तशीच ताठ ठेवून ती म्हणाली, "झरा भिंतीबाहेर येऊ दे. कुणालाही न विचारता पिता येईल, असा."

भिंतीतून रुपेरी धार उसळली! गाव घागरी, कळश्या, वाट्या घेऊन धावले. गलका ऐकून महाराज आले, तेव्हा त्यांची लेक गुडघे टेकून एकेकाची घागर भरून देत होती. तिच्या तळपायांवरचे फोड त्यांना दिसले. ते पुढे सरसावले, तोच म्हाळसाआजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "महाराज, रांग तिकडून आहे हं."

चारुशीलेने घागर भरता भरता वर पाहिले.

महाराजांनी पायांतल्या मोजड्या काढल्या आणि ते मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. परी गोड हसली, उजळत गेली आणि निव्वळ प्रकाश होऊन तुषारांत विरून गेली.

महाराज पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ती पाहिलीत, घागरी भरून देणारी? ती माझी मुलगी."