बोलत आलेली गौर

सह्याद्रीच्या पायथ्याशी, जांभ्या दगडाच्या टेकडीआड उंबरवणे नावाचे एक गाव होते. एका वर्षी चातुर्मासासाठी निवांतमहाराज तिथल्या महादेवाच्या देवळात उतरले होते. महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी घाबराघुबरा होऊन आला, की ते आपल्या घोंगडीचे टोक पसरत आणि म्हणत, "बैस बाबा, आधी निवांत हो." म्हणून लोकांनीच त्यांना ते नाव दिले.

त्या गावात येसू राहत असे. तिचा नवरा भिक्षुकी करी. गणपतीचे दिवस आले, की तो पूजा सांगत गावोगाव फिरे आणि घरात उरत त्या येसू आणि तिच्या सासूबाई. मोतीबिंदूने म्हातारीची दृष्टी गेली होती. घर इवलेसे, शेणाने सारवलेले. पण अंगणात तेरडा असा फुलायचा, की वाटेवरचा माणूस क्षणभर थांबावा! सकाळी ओंजळभर फुले महाराजांपुढे ठेवावीत, घरात असेल त्या दिवशी वाटीभर ताक न्यावे, एवढीच येसूची भक्ती. महाराज ते ताक असे प्यायचे, जणू अमृतच.

खोतांच्या द्वारकाबाईंना त्याचे फार हसू येई. देवळाच्या पायरीवर येसू भेटली, की त्या चारजणींना ऐकू जाईल असे म्हणत, "ताकावर प्रसन्न होणारा साधू तुझ्याच नशिबी हो, येसू! आमच्याकडच्या गुरुजींना तुपाशिवाय घास उतरत नाही."

येसू ते हसून सोडून देई. एक तर द्वारकाबाई वयाने मोठ्या आणि दुसरे म्हणजे त्यांची सून मथुरा ही येसूची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच गावच्या लेकी. एका झोपाळ्यावर वाढल्या, एका चुलीत दोघींची भातुकली शिजली आणि देवाच्या कृपेने दोघींना सासरही एकाच गावात मिळाले. पण सासरवाशिणींना भेटायला सवड कुठली? सणावारी काय दोन शब्द होतील तेवढेच. म्हणून गौरी यायच्या झाल्या, की येसूला माहेरच आल्यासारखे वाटे.

मुलांनो, आता बाजारातून सुंदर मुखवटे आणतात. पण उंबरवण्यात गौर असे ती खड्यांची. सवाष्ण बाईने वहाळावर जायचे, वाहत्या पाण्यातले सात गुळगुळीत खडे वेचायचे आणि ताम्हनात ठेवून घरी आणायचे. वाटेत बोलायचे नाही. बोलणे चुकूनही होऊ नये म्हणून तोंडात पाण्याची गुळणी धरायची! घराच्या दारात गौरीचे पाय धुवायचे, म्हणजे ती आणणारीच्याच पायांवर दूध-पाणी घालायचे, कुंकू लावायचे. आतून विचारायचे, "कोण आलं?" मग गुळणी टाकून म्हणायचे, "गौर आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यारुप्याच्या पावलांनी आली." केवढा आनंद असे त्या चार शब्दांत!

त्या दिवशी येसू निघाली तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला. "येसू, इतकी वर्षं मीच गौर आणली. आता डोळे गेले, पाय गेले. तू आणलीस, की दारात तिचे पाय तेवढे मी धुवीन. पुढच्या भाद्रपदात मी असेन-नसेन. सांभाळून आण हो."

"आणते, सासूबाई," येसू म्हणाली. तिने उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढली, दुधा-पाण्याचा तांब्या म्हातारीच्या हाताशी ठेवला आणि ती वहाळावर गेली.

वहाळावर मथुरा आधीच आली होती. खडे वेचता वेचता दोघींनी घाईघाईने सुखदुःखे सांगून घेतली. मग गुळण्या भरल्या आणि वाट धरली. सर्वांत पुढे सनई-ताशा, मागे द्वारकाबाई, त्यांच्यामागे हिरव्या जरीचा खण घातलेले चांदीचे ताम्हन घेतलेली मथुरा आणि शेवटी पितळी ताम्हन घेतलेली येसू.

पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना येसूची नजर सहज खाली गेली. मथुरेच्या पुढच्याच पायरीवर, वाळक्या पानासारखे वेटोळे करून फुरसे बसले होते! विषारी जनावर. मथुरेची मान खाली, पण नजर ताम्हनातल्या गौरीवर. तिचे पाऊल उचललेले होते.

येसूने गौरीचा विचार केला नाही, सासूबाईंचा केला नाही. गुळणी फेकून ती ओरडली, "मथे, मागं हो!" आणि तिने मथुरेचा दंड धरून तिला मागे ओढले.

"काय गं येसे?" मथुरा दचकून म्हणाली. तिचीही गुळणी सांडली. दोन्ही ताम्हने खणखणत पायऱ्यांवरून गेली आणि खडे टणाटण उड्या मारत करवंदीच्या जाळीत दिसेनासे झाले. फुरशाने एकदा फूत्कार टाकला आणि ते कडेच्या दगडी गडग्यातल्या फटीत शिरले.

वाजंत्री थांबली. द्वारकाबाई गर्रकन वळल्या. "काय केलंत हे?"

"काकू, फुरसं होतं हो पायरीवर!"

"कुठं आहे? दाखव बघू."

ताशेवाल्याने काठीने गवत चाळवले, गडगा ठोकला. काहीच दिसेना.

"फुरसं म्हणे!" द्वारकाबाई कडाडल्या. "स्वतःच्या घरात गौरीला बसवायला धड पाट नाही, म्हणून दुसऱ्याची गौर वाटेत अडवलीस होय? मथुरे, हिच्याशी आजपासून बोललीस तर बघ. माझी गौर मी आणीन पुन्हा. पण येसू, तू मात्र आता वहाळाला पाऊल लावायचं नाहीस. अपशकुनी कुठली!"

मथुरेचे डोळे भरून आले; पण सासूपुढे तिचे काय चालणार? तिने रिकामे ताम्हन आणि खण उचलून द्वारकाबाईंच्या हाती दिले आणि ती मान खाली घालून घराकडे गेली.

येसू पाखाडीवर एकटीच उरली. गौर गेली, मैत्रीण गेली आणि दारात तांब्या घेऊन बसलेल्या म्हातारीला सांगायचे काय? तिचे पाय घराकडे वळेनात. ती देवळात आली आणि महाराजांपुढे बसून मुलीसारखी रडली. महाराजांनी घोंगडीचे टोक पसरले.

"आधी निवांत हो. काय झालं?"

"महाराज, माझं मौन मोडलं. गौर सांडली."

"का मोडलंस?"

"मथीच्या पायाखाली फुरसं होतं."

"आणि गुळणी सांभाळली असतीस तर?"

येसूने कानांवर हात ठेवले. तो विचारही तिला सहन होईना.

महाराज हसले. "अगं वेडे, गौर म्हणजे माहेराला निघालेली लेक. वाटेत तिनं मैत्रिणीला हाक मारली म्हणून कोणती आई तिला दारातून परत धाडते?"

"पण खडेच गेले, महाराज! सासूबाईंना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. लवकर घरी जा. दारात पाहुणी आली असेल तर तिची आबाळ नको व्हायला."

येसू घरी आली. पाहते तो सासूबाई उंबऱ्याशी बसलेल्या, तांब्या रिकामा आणि म्हातारीचा चेहरा कसा दिव्यासारखा उजळलेला!

"आत्ता पुन्हा कुठं गेली होतीस गं?" त्या म्हणाल्या. "आणि मथी गेली का? तिच्या हातावर साखरसुद्धा ठेवली नाही मी."

"मथी?" येसू गोंधळली.

"आता सोंग नको घेऊस. दोघी तर आलात मघाशी! आणि काय गं, गौर आणताना बोलतात का? वाटेपासून तुमचा आवाज येत होता. हसणं काय, खिदळणं काय! मी रागावणार होते. पण पाय धुवायला हात लावला आणि राग कुठल्या कुठे गेला. किती इवली पावलं, येसू! वहाळाच्या पाण्यासारखी गार. मी विचारलं, 'कशाच्या पावलांनी आलात?' तर दोघी एकदमच म्हणाल्या, 'मैत्रिणीच्या पावलांनी.' असं म्हणतात का कुठे?"

येसूच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने आत पाहिले. रांगोळीच्या प्रत्येक पावलावर एक ओले पाऊल उमटले होते. देवघरापुढच्या पाटावर तेरड्याच्या फुलांत सात ओले खडे होते आणि त्यांना लागूनच हिरव्या जरीच्या खणावर आणखी सात! तो खण येसूने मघाशीच मथुरेच्या ताम्हनात पाहिला होता.

तिकडे द्वारकाबाईंनी नवे खडे वेचून, त्याच खणावर ठेवून, पदराखाली झाकून वाजतगाजत घरी आणले होते. चौरंगापुढे बसून त्यांनी पदर बाजूला केला, तर ताम्हन रिकामे. खडे नाहीत, खण नाही! त्या पांढऱ्याफटक पडल्या. ज्या महाराजांना आजवर हसल्या, त्यांच्याच पायांशी त्या देवळात धावत गेल्या, मागोमाग मथुराही. "चला, तुमची गौर कुठं उतरली ते पाहू," म्हणत महाराज उठले आणि दोघींना घेऊन येसूच्या दारात आले.

पाटावरचा आपला खण द्वारकाबाईंनी ओळखला. तरीही त्या पुटपुटल्या, "पण हिनं खोटं बोलून माझी गौर सांडली. फुरसं नव्हतंच तिथं."

"बाई," महाराज म्हणाले, "जरा वाकून सुनेच्या लुगड्याचा काठ बघा."

द्वारकाबाई वाकल्या. मथुरेच्या घोट्याजवळ, काठाच्या सुतात दोन बारीक भोके होती आणि त्यांच्याभोवती पिवळसर डाग सुकला होता. दंश कापडावर निभावला होता. एका बोटाचेच अंतर! त्यांनी तो काठ मुठीत धरला.

"माझं घर उजाड व्हायचं होतं आज," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि मी हिला सुतक असल्यासारखी हाकलली! महाराज, माझी गौर रुसली ती रुसलीच."

"रुसली नाही," महाराज म्हणाले. "जिथं तुम्ही तिच्या मैत्रिणीला येऊ देत नव्हता, तिथं ती एकटी कशी येईल? म्हणून इथं थांबली."

येसूने पुढे होऊन द्वारकाबाईंचा हात धरला. "काकू, गौर तुमचीच आहे. पण आज तिला हलवू नका. चुलीवर शेपूची भाजी आहे, तांदळाच्या भाकऱ्या थापते. सगळी इथंच जेवू. मथी वाढायला घेईल."

"मी थापते भाकऱ्या," मथुरा म्हणाली. "तुझ्या नेहमी करपतात." आणि त्या दिवसातले पहिले हसू त्या घरात उमटले. सासूबाईही पदरात तोंड लपवून हसल्या.

द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. महाराजांनी त्यांना उठवले आणि देवघराकडे बोट दाखवले. मग त्या सारवलेल्या जमिनीवर, एकमेकींना लागून बसलेल्या दोन्ही गौरींपुढे, खोतांच्या घरची ती मानी बाई गुडघे टेकून बसली आणि तिने कपाळ भुईला लावले.