नवसाचा मेंढा आणि पांढरी पापणी

ऐका बायांनो, ऐका लेकरांनो. ही फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा म्हणे जनावरं माणसांशी बोलायची, आणि माणसं तेव्हाही आत्ताइतकीच कमी ऐकायची.

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. डोंगरावर देवी होती. गावात मेंढरं पाळणारं एक घर होतं आणि त्या घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली व्रतवैकल्यांची. तिचा सोमवार कधी मोडला नाही, देवीची ओटी कधी चुकली नाही. धाकटीचं सारं लक्ष कळपात. तिचे उपास राहून जायचे, पण दर अमावास्या-पुनवेला ती एकेक मेंढरू मांडीशी धरायची, अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढायची आणि आत बघायची. आत लाल दिसलं की पाठीवर थाप मारून सोडून द्यायची. फिकट दिसलं की म्हणायची, "हिच्या पोटात जंत झालेत गं, रक्त पितायत मेले." मग पळसाच्या बियांची पूड गुळात कालवून त्या मेंढराला चारायची.

एका वर्षी थोरलीचं तान्हं बाळ तापानं फणफणलं. तिनं देवीपुढे पदर पसरला. "आई, माझं लेकरू वाचव. माझ्या हातानं पोसलेला मेंढा जत्रेला तुझ्या पायाशी आणीन. साऱ्या गावाला जेवू घालीन."

बाळ वाचलं. थोरलीनं कळपातला गोजिरा मेंढा निवडून वेगळा बांधला. "हा देवीचा जीव. याला कळपाचं उष्टं गवत नको," असं म्हणून ती रोज पहाटेच त्याला डबक्याकाठी न्यायची. तिथं गवत कोवळं, दवानं भिजलेलं. मेंढ्याच्या मागं एक लहानगं कोकरूही उड्या मारत जायचं. आणि घरात तिनं सगळ्यांना बजावलं, "नवसाच्या मेंढ्याला कुणी हात लावायचा नाही."

मेंढ्याची लोकर दाट झाली. दिसायला कसा गुबगुबीत! जत्रा तोंडावर आली तेव्हा त्याच्या जबड्याखाली एक मऊ फुगवटा लोंबू लागला. थोरली पाणवठ्यावर कौतुकानं सांगू लागली, "माझ्या मेंढ्याच्या गळ्याला कसं मांस चढलंय, बघा तरी!"

धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, ते मांस नव्हे, पाणी उतरलंय. एकदा पापणी बघू द्या मला."

थोरलीचा पारा चढला. साऱ्या बायांसमोर ती म्हणाली, "तुझ्या हातून देवाला कधी फूल गेलं नाही आणि माझ्या नवसात खोट काढतेस? लांब हो. तुझीच नजर लागायची त्याला!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. धाकटी घागर उचलून निघून गेली.

पण थोरलीच्या मनात शिरलेला काटा रुतून राहिला. दुपारी गोठ्यात कुणी नाहीसं पाहून थोरलीनं स्वतःच मेंढ्याची पापणी ओढली. आत लाली नावाला नव्हती. धुतल्या कापसासारखं पांढरं.

धाकटी तिथंच अंगणात ताक घुसळत होती. एक हाक मारायची, एवढंच काम होतं. पण गावाला आवतण गेलेलं. पाणवठ्यावरची ती फुशारकी, ते बोलणं. थोरलीला हाक मारवेना. ती मनाशी म्हणाली, "मी इतके उपास केलेत. देवी घेईल सांभाळून."

जत्रेच्या सकाळी तिनं झेंडूचा जाड हार मेंढ्याच्या जबड्याखाली असा बांधला की फुगवटा झाकून गेला. डोळ्यांभोवती गुलाल फासला. तेव्हा मेंढा बोलला, "बाई, हार नको. जड होतोय मला."

थोरलीनं ऐकलं, आणि गाठ आणखी घट्ट केली.

त्या गावची रीत अशी होती, की देवीपुढे मेंढ्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं, तर देवीनं घेतला. पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं. मेंढा मान खाली घालून उभाच. पुन्हा शिंपडलं. मेंढ्याचे गुडघे वाकले आणि तो पायरीवर कोसळला. गुलाल पाण्यानं ओघळला, हार सरकला.

"देवी कौल देत नाही!" लोक कुजबुजले. "कुणाचं काय चुकलं?"

पाणवठ्यावरची एक बाई ओरडली, "हिनं नजर लावली! या धाकटीनं!" बघता बघता साऱ्यांची बोटं धाकटीकडे वळली. कुणी म्हणालं, "हिला पायरी उतरवा." कुणी म्हणालं, "हिला पुन्हा कळपात पाऊल टाकू देऊ नका." ज्या कळपावर तिनं जीव लावला, त्याच कळपातून तिला हाकलायला निघाले. धाकटीनं फक्त थोरलीकडे बघितलं.

थोरलीनं देवीकडे बघितलं. देवीचे डोळे उघडे होते. थोरलीला वाटलं, मी गोठ्यात पापणी ओढली, तेव्हाही हे असेच उघडे असतील.

"थांबा," ती म्हणाली. "तिनं नजर लावली नाही. तिला दुखणं दिसलं होतं. मलाही दिसलं. मी ते फुलांनी झाकलं आणि आजारी जीव आईच्या पायाशी आणला. तुमच्या पानात त्याचंच मांस वाढणार होते."

थोरली पदरात तोंड घालून पायरीवर बसली.

धाकटी जवळ आली. म्हणाली, "उठा जाऊबाई. मेंढा उन्हात पडलाय. सावलीला नेऊ त्याला."

गावानं काही बोल लावले असते, तर थोरलीनं ते सोसले असते. हे एवढं वाक्य तिला सोसवलं नाही.

त्या दिवशी गाव आमटी-भाकरी खाऊन घरी गेलं. धाकटीनं साऱ्या मेंढरांच्या पापण्या बघितल्या. मग ती म्हणाली, "दव असताना डबक्याकाठी नेऊ नये, जाऊबाई. जंतांची पिल्लं ओल्या पात्यांवर चढून बसतात." पळसाच्या पुडीनं मेंढा हळूहळू उभा राहिला. मागं उड्या मारत जाणारं कोकरू मात्र वाचलं नाही. थोरलीनं आपल्या हातानं खड्डा खणला आणि त्याला पुरलं.

पुढं दर पुनवेला दोघी जावा कळपात एकत्र बसू लागल्या. थोरली मेंढरू मांडीशी धरी, पापणी ओढी आणि विचारी, "धाकटे, बघ गं, ही लाल म्हणायची का?" नवसाचा मेंढा पाळीला आला, की ती त्याची पापणी दोनदा ओढून बघे. मेंढा मात्र मान तिच्या मांडीवर टाकून निवांत पडे.

बायांनो, लेकरांनो, देवीनं थोरलीला पदराआड घेतलं, तसं आपल्यालाही घेवो; पण एवढं ध्यानात ठेवा:

दुखणं दिसल्यावर ते फुलांनी झाकणारा देवाला फसवत नाही, ज्याचं दुखणं आहे त्या जीवाला मारतो.