आजोबामहाराजांची धूळ

"आजोबामहाराजांच्या मंचकावर आजची धूळ दिसता कामा नये. पण त्यांच्या काळची धूळ पुसलीस, तर खबरदार!"

राजा भद्रसेनानं असा हुकूम सोडला आणि हौसा मोलकरीण हातात फडकं घेऊन बघतच राहिली. आता धुळीच्या काय कपाळावर साल लिहिलेलं असतं?

हे खूळ महाराजांच्या डोक्यात भरवलं रत्नाजीपंत पारख्यानं. मंचकाभोवती गिरक्या घेत तो म्हणाला होता, "काय हे सिंहपाय! काय ही वेलबुट्टी, हा हस्तिदंती जडाव! आणि महाराज, खाचांतली ही काळपट झाक! हिला आम्ही काळाची झळाळी म्हणतो. ही गेली की मंचक सरपणाच्या लायकीचा!"

झालं! त्यापायी दोन मोलकरणी घरी गेल्या. एकीनं जास्त पुसलं, दुसरीनं कमी. हौसेची नोकरी गेली तर राजवाड्यामागची खोलीही जाणार, मग आंधळ्या बापाला घेऊन ती राहणार कुठे?

दुसऱ्या दिवशी महाराज तपासणीला आले. सगळा महाल ताडकन उठून मुजऱ्याला वाकला. महाराजांपुढे बसून राहायची कुणाची प्राज्ञा! महाराजांचे म्हातारे चुलते काकासाहेब तेवढे खुशाल पाय पसरून बसले होते. वडीलधाऱ्यांना ती मुभा होती.

पारख्यानं मंचकाच्या पाठीवरच्या कोरीव मोराच्या पिसाऱ्यात बोट घातलं. बोट काळं!

"महाराज, धूळ! आजची!"

"हौसे!" महाराज गरजले.

"आजची नाही सरकार, आजोबामहाराजांची आहे."

"कशावरून?"

"रोज सकाळी मी इथं जोरात फडकं झटकते अन् ओरडते, 'महाराज आले!' आजची धूळ घाबरट, लगेच उठते. तिला खिडकीतून घालवते. बसून राहते ती आजोबांच्या वेळची. ती कशाला उठेल नातवापुढे?"

काकासाहेब फिसकन हसले.

"थापा!" पारखी किंचाळला. "मी फुंकर मारतो, बघा कशी उठते!"

"मारा की, पंत! पण आधी या काकासाहेबांना उठवून दाखवा. ते तर आजोबामहाराजांपेक्षा धाकटे!"

काकासाहेबांनी नुसती काठी उचलली, तसा पारखी चार पावलं मागे सरला. महाराज इतके हसले, इतके हसले की डोक्यावरचा मंदील घरंगळून सिंहपायांशी पडला!

हौसेला सोन्याचं कडं मिळालं, खोली कायमची तिची झाली. आणि रोज सकाळी 'महाराज आले!' म्हणून ओरडत फडकं झटकायचं काम रत्नाजीपंतांच्या गळ्यात पडलं.